हळदीचा डाग साबणाने लाल का होतो? आणि असेच वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत विज्ञान शिकवते. खालचे प्रश्न मला वर्गात, स्वयंपाकघरात, एसटीत आणि गड चढताना विचारले गेले आहेत, काही तर दरवर्षी. ज्यांची उत्तरं घरबसल्या पडताळता येतात ती जरूर पडताळून बघा. हातात चिमूटभर हळद आणि अर्धं लिंबू असलं तरी बरंच काही कळतं.

वरणाचा पिवळा डाग साबण लावला की लाल का होतो?

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. साध्या पाण्यात किंवा आम्लात ते पिवळंच राहतं. अल्कली मिळाली की मात्र त्याच्या रेणूतला हायड्रोजन निघून जातो, रेणू प्रकाशातले वेगळे रंग शोषायला लागतो आणि आपल्याला तो तांबडा-तपकिरी दिसतो. कपडे धुण्याचा साबण अल्कलीच असतो. म्हणजे डाग वाढलेला नसतो, त्याने नुसता रंग बदललेला असतो. त्यावर लिंबू पिळा, तो परत पिवळा होईल.

वर्गात मी वहीचा कोरा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायला सांगते आणि त्याच्या पट्ट्या कापून घेते. एका पट्टीवर चुन्याची निवळी, एकीवर धुण्याचा सोडा, एकीवर चिंचेचं पाणी. पहिल्या दोन पट्ट्या विटकरी होतात, तिसरी जशीच्या तशी राहते. मुलं मग आपणहून चुन्याच्या पट्टीवर चिंचेचं पाणी टाकतात आणि रंग उलटा फिरताना बघतात. मला सांगावंही लागत नाही.

मग तो डाग जाणार कसा?

उन्हाने. कर्क्युमिनला प्रकाश सोसत नाही, ऊन लागलं की त्याचे रेणू तुटतात. आधी साबणाने तेल काढा, मग ओला शर्ट डागाची बाजू वर करून कडक उन्हात घाला. घासघास घासून कापड झिजवण्यापेक्षा हे बरं. पावसाळ्यात मात्र धीर धरावा लागतो.

कुंकू खरंच हळदीचं करतात का?

पारंपरिक कुंकू हळदीचंच. नुसता चुना घातला तर लाल रंग येतो, पण तो वर सांगितल्यासारखा आम्लाने परत फिरतो. टाकणखार आणि लिंबाचा रस घालून केलेल्या कुंकवाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती फार आवडते. टाकणखारातलं बोरॉन कर्क्युमिनचे दोन रेणू एकत्र बांधतं आणि रोझोसायनिन नावाचं गडद लाल द्रव्य तयार होतं. हा लाल रंग आम्लातच तयार होतो, त्यामुळे लिंबाने तो मागे फिरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी आणि कुंकू करणाऱ्या कारागिरांनी हाताने सांभाळलेली ही रसायनविद्या आहे. प्रयोगशाळेत बोरॉन किती आहे हे मोजायला हीच क्रिया वापरतात. आज बाजारातलं बरंचसं कुंकू कृत्रिम रंगाचं असतं, ते वेगळं.

तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो कसा?

आंबोळी घालण्याआधी आपण तव्यावर पाणी शिंपडून बघतो. तवा बेताचा तापला असेल तर पाणी चर्र करून लगेच उडून जातं. तवा फारच तापला असेल तर थेंबाचे मोती होतात आणि ते इकडून तिकडे पळत सुटतात. नवल असं की, जास्त तापलेल्या तव्यावर थेंब जास्त वेळ टिकतो.

थेंबाचा तळ तव्याला टेकायच्या आत त्याची वाफ होते आणि त्या वाफेच्या पातळ गादीवर उरलेला थेंब तरंगत राहतो. वाफेतून उष्णता फार हळू जाते, म्हणून थेंब तगतो. योहान लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरांनी १७५६ साली तापून लाल झालेल्या लोखंडी पळीत थेंब टाकून हे नोंदवून ठेवलं. पाण्याच्या बाबतीत तवा साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की हा नाच सुरू होतो. मोती पळायला लागले म्हणजे तवा आंबोळीसाठी जास्त तापलाय, गॅस बारीक करा. आणि हा प्रयोग बिडाच्या किंवा लोखंडी तव्यावरच करा. नॉनस्टिक तवा रिकामा ठेवून एवढा तापवू नये, त्यावरच्या थरातून घातक धूर निघू शकतो.

भाकरी फुगते, पण प्रत्येक वेळी का नाही?

पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशेपट जागा मागते. एक चमचा पाण्याला आठ-साडेआठ लिटर जागा लागते म्हणा ना. भाकरी फुगते ती या जोरावर. पण वाफ कोंडली गेली पाहिजे.

गव्हात ग्लूटेन असतं, त्याचं रबरासारखं जाळं वाफ धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही. म्हणून आजी पीठ कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात मळायची. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि ग्लूटेनची उणीव थोडीफार भरून काढतो. मग भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात. त्याने सुटं पीठ निघून जातं आणि वरच्या अंगाला स्टार्चचा सलग, ओला पापुद्रा धरतो. उलटल्यावर तो पापुद्रा भाजून आवळतो, आणि विस्तवावर धरली की आतली वाफ दोन थर वेगळे करते.

कुठे चीर पडली असेल, कड जाड-बारीक असेल किंवा पाणी फिरवताना कोरडी जागा राहिली असेल तर वाफ तिथून निसटते. पीठ जुनं होऊन त्याची विरी गेली की थापतानाच कडेला भेगा पडतात, मग कितीही सुगरण असली तरी भाकरी फुगत नाही. एकदा फुगलेली भाकरी तव्यावरून उचलताना कडेकडे नीट बघा: एखाद्या टाचणीएवढ्या भोकातून वाफेची बारीक सुरी बाहेर येत असते. ती बोटाला चटका देते, म्हणून चिमटा वापरा.

कांदा अख्खा असताना रडवत नाही, चिरल्यावरच का?

कारण रडवणारा वायू कांद्यात नसतोच, तो चिरताना तयार होतो. कांदा जमिनीतून गंधक घेतो आणि त्याची संयुगं पेशीच्या एका कप्प्यात ठेवतो, त्यांना तोडणारी विकरं (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात. विळी चालली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि गंधकाचा एक हलका वायू उडून डोळ्यांत जातो. हा वायू घडवणारं नेमकं विकर जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली शोधून काढलं, तोवर ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला तर ही क्रिया मंदावते. विळीला चांगली धार असेल तर पेशी कमी चेंगरतात. एवढे दोन उपाय खरे कामाचे.

माठातलं पाणी नागपुरात गार होतं तितकं रत्नागिरीत का होत नाही?

माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं आणि बाहेरच्या अंगावरून उडून जातं. उडताना ते माठातली उष्णता घेऊन जातं, आणि ही उष्णता थोडीथोडकी नसते. हिशोब करून बघा: दहा लिटरच्या माठातून नुसतं शंभर मिलिलिटर पाणी उडालं आणि बाहेरून उष्णता आत आली नाही असं धरलं, तर उरलेलं पाणी जवळपास सहा अंशांनी उतरेल.

विदर्भातल्या मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते, ती पाणी पिऊन टाकते. कोकणात हवेतच एवढा दमटपणा असतो की माठावरचं पाणी उडायला तयार नसतं. माठ तोच, कुंभारही तोच असू शकतो, पण हवा वेगळी. माठाला बाहेरून तैलरंग देऊ नका. दिसायला छान, पण छिद्रं बुजली की तो नुसता मातीचा डबा.

बिब्ब्याने अंगावर फोड येतात, मग धोबी तो कशासाठी वापरत?

खुणेसाठी. बिब्ब्याच्या टरफलातलं तेल हवेत काळं पडतं आणि कापडाच्या धाग्यात असं बसतं की धुतल्याने जात नाही. चुना लावला की अजून पक्कं. हेच तेल कातडीवर फोड आणतं. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून चट्टा उठतो किंवा काजूच्या टरफलाचं तेल हात जाळतं, त्यामागे याच घराण्यातली द्रव्यं आहेत.

पहिल्या पावसाचा वास मातीचा असतो की पावसाचा?

मातीचा, आणि त्यातही मातीतल्या जिवाणूंचा. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिऑस्मिन हे द्रव्य बनवतात. कोरड्या उन्हाळ्यात ते मातीत साठून राहतं. झाडांतून निघालेली तेलंही दगडमातीत मुरलेली असतात. थेंब जमिनीवर आपटला की त्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि अतिशय बारीक तुषारांबरोबर हा वास हवेत उडवतात. सोडावॉटरच्या पेल्यावर नाक नेलं की तुषार लागतात ना, तसंच. म्हणून मुसळधार पावसापेक्षा हलक्या सरीला वास जास्त येतो.

आपलं नाक जिऑस्मिनच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे, हवेच्या अब्जावधी रेणूंत मोजके रेणू असले तरी ते ओळखतं. बिटाला मातकट वास येतो तोही याच द्रव्याचा.

इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली या वासाला इंग्रजीत नाव दिलं. आपल्याकडे मृद्गंध हा नेमका शब्द आहे, आणि उत्तर प्रदेशात कनौजला तर भाजलेल्या मातीपासून ऊर्ध्वपातन करून या वासाचं अत्तर काढतात. त्या दोघांनाही कनौजच्या या अत्तराची माहिती होती.

जिवाणूंना या वासाचा काय उपयोग? मातीतले बारीक उड्या मारणारे स्प्रिंगटेल नावाचे जीव या वासाने ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांची बीजाणू अंगावरून, विष्ठेतून दुसरीकडे नेतात, असं २०२० साली दिसून आलं.

नाणेघाटात धबधबा उलटा वर का जातो?

वाऱ्यामुळे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेला वारा कड्याला धडकतो, पुढे वाट नसते म्हणून सरळ वर चढतो. पाण्याची धार बारीक असेल तर वारा तिचे तुषार करून माथ्यावर परत फेकतो. वारा पडला की तेच पाणी गुमान खाली जातं. अंबोलीला कावळेसादलाही हे दिसतं. कड्याच्या टोकाला जाऊ नका, पाणी वर फेकणारा वारा मध्येच थांबतो तेव्हा टेकलेल्या माणसाचा तोल पुढे जातो.

काजव्याचा प्रकाश हाताला गरम का लागत नाही?

विजेचा जुना पिवळा बल्ब वीज घेतो त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णतेत घालवतो. काजवा तसं करत नाही. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफेरेज हे विकर आणि पेशीतली ऊर्जा यांच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि सुटलेली ऊर्जा थेट प्रकाश होऊन बाहेर पडते.

मेच्या मध्यापासून पावसाने जोर धरेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या झाडांवर हजारो काजवे बसतात. आधी सगळे आपापल्या तालात लुकलुकत असतात. थोड्या वेळाने एका फांदीचा ताल जमतो, मग शेजारच्या फांदीचा, आणि अख्खं झाड एकदम पेटून एकदम विझायला लागतं. त्यांना कुणी म्होरक्या नसतो. प्रत्येक काजवा शेजाऱ्याची उघडझाप बघून आपली वेळ किंचित पुढेमागे करतो, बस.

हे सगळं जोडीदार शोधण्यासाठी असतं आणि त्यासाठी त्यांच्याकडे थोडेच दिवस असतात. आयुष्याचा मोठा भाग ते अळी म्हणून जमिनीवर गोगलगायी खात काढतात. म्हणून कळकळीने सांगते: टॉर्च, गाडीचे दिवे आणि मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा. आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. झाडाखालचं गवतही तुडवू नका, बऱ्याच जातींच्या माद्या तिथेच बसलेल्या असतात.

भीमाशंकरच्या जंगलात आणि कोकणच्या समुद्रात जे चमकतं, तेही काजव्यासारखंच का?

तत्त्व तेच, द्रव्यं वेगळी. भर पावसात भीमाशंकरला किंवा गोव्यात म्हादईच्या रानात कुजक्या लाकडावर हिरवट उजेड दिसतो तो बुरशीचा. डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागतात. समुद्रात निळी लाट दिसते ती बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशी जिवाची, पाण्याला धक्का बसला की तो चमकतो. जिवांनी प्रकाश निर्माण करण्याची युक्ती वेगवेगळ्या वाटांनी, पुन्हा पुन्हा साधली आहे.

कारवी सात वर्षांनीच का फुलते?

सात, काही ठिकाणी आठ. एका डोंगरावरची सगळी कारवी एकाच वर्षी फुलते, बी धरते आणि मरते. पुढच्या वर्षी ओल लागली की वाळकी बोंडं तडतड फुटतात आणि बी उडतं. दरवर्षी थोडं थोडं बी पडलं असतं तर किडे, उंदीर, पाखरांनी संपवलं असतं. सात वर्षांचं बी एकदम पडलं की खाणारे खाऊन खाऊन थकतात आणि तरी पुरेसं उरतं, असं याचं मानलं जाणारं कारण. झुडपं वर्षं कशी मोजतात हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

लोणारचं पाणी गुलाबी झालं, ते कशाने?

जून २०२० मध्ये हे घडलं. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठातच सुखाने जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव प्रचंड वाढले. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हे जीव तळाला बसले की वरचं पाणी नितळ होतं हे दिसलं. म्हणजे पाणी रंगलं नव्हतं, त्यात रंगीत जीव होते. पाऊस आला, क्षार पातळ झाले आणि गुलाबी रंग गेला.

हे विवर अशनी आदळून बेसॉल्टच्या कातळात झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. त्याचं वय विचाराल तर एका पद्धतीने पन्नास हजार वर्षांच्या आसपास येतं, दुसरीने पावणेसहा लाखांच्या घरात. एवढी तफावत पाहून मुलं गोंधळतात. मी त्यांना दोन्ही आकडे सांगते.

विहीर खणताना दगडात पांढरे-हिरवे स्फटिक निघतात, ते काय असतात?

बहुतेक वेळा झिओलाइट आणि त्यांचे सोबती. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, आणि पुढे गरम पाणी झिरपून त्यात स्फटिक वाढले. जळगाव, नाशिक, पुणे इथले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतला गर्द निळा कॅव्हनसाइट तर अप्रतिम. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव झालं.

झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड. क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १७५६ साली असा दगड तापवला तर तो फसफसला. त्याच्या जाळीदार रचनेतलं पाणी बाहेर येत होतं. लायडनफ्रॉस्ट यांचा थेंब आणि हा दगड एकाच सालचे, हे मला उशिरा लक्षात आलं. आज कपड्याच्या पावडरीत कृत्रिम झिओलाइट असतो, तो जड पाण्यातलं कॅल्शियम धरून सोडियम सोडतो.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला हे खरं का?

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून आत येऊन विजापूर, गुंटूरकडे गेला, हे खरं. किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी तिथूनच ग्रहण पाहिलं असं सांगतात. पण लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हते. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सन यांनी वर्णपट पाहिला. लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवर हेलियमची पिवळी रेघ पाहिली. ती सोडियमच्या रेघांजवळ होती पण त्यांच्याशी जुळत नव्हती. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं, रॅम्से यांनी युरेनियमच्या खनिजातून तो वेगळा केला. विजयदुर्ग त्या ग्रहणाचा साक्षीदार आहे, आणि तेवढंही अभिमानाने सांगण्यासारखं आहे.

हरिश्चंद्रगडावरचं इंद्रवज्र म्हणजे गोल इंद्रधनुष्यच ना?

दिसायला तसं, कारण वेगळं. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांतून प्रकाश वाकून होतं आणि पुष्कळ मोठं असतं. इंद्रवज्र धुक्याच्या अतिसूक्ष्म थेंबांतून प्रकाशाच्या लाटा उलट दिशेने परतताना एकमेकींत मिसळून होतं आणि लहान असतं, हात लांब करून पसरलेल्या पंजाएवढं.

कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. म्हणून सकाळ हवी: पाठीशी ऊन, समोर खाली दरीत ढग. मग ढगावर आपली लांबट सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडी उमटतात, लाल बाहेरच्या अंगाला. हात हलवला की सावली हात हलवते. शेजारी उभ्या असलेल्याला कडं त्याच्या डोक्याभोवती दिसतं, आपल्या नाही. कड्याच्या टोकाशी पालथं झोपूनच बघा. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यांनी दख्खनच्या हवामानावरच्या १८३५ सालच्या लेखात या गडावरच्या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन केलं आहे. विमानाच्या खिडकीतूनही खालच्या ढगांवर विमानाच्या सावलीभोवती हे दिसतं, सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी घ्या.

आणि याची पुढची गोष्ट तर ऐकाच. १८९४ साली स्कॉटलंडमध्ये बेन नेव्हिस डोंगरावर सी. टी. आर. विल्सन या तरुणाने हीच रंगीत कडी पाहिली. ती प्रयोगशाळेत करून बघावीत म्हणून तो काचेच्या भांड्यात ढग बनवायला लागला. करता करता त्याला दिसलं की विद्युतभारित कण जातात त्या वाटेवर थेंबांची रेघ उमटते. त्यातून मेघपेटी तयार झाली, १९२७ साली विल्सन यांना नोबेल मिळालं, आणि १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना अशाच पेटीतल्या एका वाकड्या रेघेत पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार, सापडला.